सरहद्दीअलीकडचे शनिवार

त्या हिवाळ्यात माझी मुलगी आइस हॉकीच्या ज्युनियर लीगमध्ये गोलकीपर होती आणि मी तिचा एकही सामना पाहिला नाही. ऑक्टोबर ते मार्च, जवळजवळ दर शनिवारी मी तिला गाडीत घालून निघत होते, आणि तरीही पाहिला नाही. हे कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, का गं, गाडीत झोपा काढत होतीस का? म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

आयर्लंडमध्ये आइस हॉकीला लागणारं सगळं मिळतं, फक्त आइस मिळत नाही. इथली थंडी ओली. बर्फ पडला तर गवतावर पिठीसाखर भुरभुरल्याइतका, आणि तेवढ्यावरही शाळा बंद. नाताळात तंबू ठोकून स्केटिंगच्या तात्पुरत्या रिंक करतात आणि जानेवारीत गुंडाळून ठेवतात. बारा महिने चालणारी धड मोठी रिंक दक्षिणेत नाही. ती आहे बेलफास्टच्या बाजूला, म्हणजे सरहद्दीपलीकडे, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. त्यामुळे या लीगमधले सगळे संघ, उत्तरेचे काय आणि आमचे डब्लिनचे काय, तिथेच खेळतात.

सरहद्द म्हटल्यावर तारेचं कुंपण आणि बंदूकवाले डोळ्यांसमोर आणू नका. तिथे काहीच नाही. मोटरवे सरळ चालू असतो, मध्येच कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात. संपलं. इथला माणूस दूध आणायला जावं तसा पलीकडे जातो. पण भारतीय पासपोर्टवर आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला ती रेघ ओलांडायला ब्रिटनचा व्हिसा लागतो. आणि आमच्या तिघांच्या घरात भारतीय पासपोर्ट फक्त माझा.

फक्त माझा, कारण तसं ठरवलं होतं. इथल्या पुष्कळ मराठी घरांत हे ठरलेलं असतं. दोघांपैकी एकाने इकडचं नागरिकत्व घ्यायचं, एकाने आपला पासपोर्ट ठेवायचा, न जाणो कधी लागला तर. माझा नवरा डॉक्टर, वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात, आठवडाभर तिकडेच आणि शनिवारीही बहुधा ड्युटीवर. त्याला नोकरीसाठी सोयीचं म्हणून त्याने घेतलं. मुलगी इथेच जन्मली, ती पहिल्यापासून आयरिश. मी राहिले. करोनाच्या सुरुवातीला नागपूरला सासरे गेले, आणि आयरिश पासपोर्ट असल्यामुळे नवऱ्याला त्या काळात भारतात उतरता येईना. त्याने आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोनवर वडिलांचे अंत्यसंस्कार पाहिले. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. माझी आई पुण्यात एकटी असते. तिचं काही कमीजास्त झालं तर मला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, पासपोर्ट उचलायचा आणि विमानात बसायचं. पुढे नवरा कितीदा म्हणाला, अगं, आता नियम बदललेत, तूही घेऊन टाक. मी म्हणायचे, तुझं झालं तेवढं पुरे. आईकडे जाता यावं म्हणून ठेवलेल्या पासपोर्टाने मुलीकडे जाणं अडेल हे माझ्या डोक्यात कसं यावं? त्यात हॉकी कुठून येणार होती?

ती आली एका नाताळातल्या तंबूतून. बाकीची पोरं कठडा धरून चाललेली, ही मधोमध गेली, पडली, उठली, पुन्हा पडली आणि हसायला लागली. घरी येईपर्यंत तिने क्लब शोधला होता. आठवड्यात एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये चाकांच्या बुटांवर सराव, आणि शनिवारी पलीकडे जाऊन खरा बर्फ. गोलकीपर व्हायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून ही झाली. मी म्हटलं, अगं बाई, शहाणी माणसं चेंडू येतो तिथून बाजूला होतात. ‘चेंडू नाही मम्मा, पक,’ ती म्हणाली. पक म्हणजे कडक रबराची काळी चकती. ती अंगावर आली की बाजूला व्हायचं नाही, आडवं यायचं, एवढंच गोलकीपरचं काम.

माझ्याशी ती इंग्रजीतच बोलते, तेही डब्लिनमधल्या आमच्या डून लेरीच्या बसस्टॉपवरच्या कुठल्याही पोरीसारखं. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आम्हा दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही. इथे तिचं बोलणं मी मराठीतच लिहिते आहे. ती आपणहून मराठी काढते ती एकाच कारणासाठी. दुकानात किंवा डार्टमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, शेजारच्याला कळू नये असं काही बोलायचं असलं की. ‘आई, त्या काकांचा विग बघ.’ एवढ्यापुरती आमची मातृभाषा.

गोलकीपरचं सामान म्हणजे एक वेगळाच संसार. पायांना गाद्या बांधल्यासारखी पॅडं, छातीचं चिलखत, एक हातमोजा पसरट आणि एक जाळीचा, आणि या सगळ्याला घामाचा असा वास की सांगता सोय नाही. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात, त्यात आमचे टॉवेल आणि चादरी ठेवलेल्या असायच्या. त्यांना हुसकावून हातमोजे आत गेले. मग टॉवेलांना तो वास लागला. नवरा रविवारी घरी आला की अंघोळीनंतर टॉवेल हुंगून बघायचा आणि काही न बोलता दुसरा घ्यायचा.

पुण्याहून आई फोनवर म्हणायची, ‘हॉकी मैदानावर खेळतात. तिकडे मैदानं नाहीत का?’

‘आहेत गं.’

‘मग बर्फावर कशाला? सर्दी होईल तिला.’

मी काय सांगणार? मला स्वतःलाच नीट कळलेलं नव्हतं. एवढंच कळत होतं की पोरगी तिथे काहीतरी वेगळीच होत असणार, कारण शनिवारी परत येताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते सोमवार ते शुक्रवार कधी नसायचं. ते काय आहे ते मला एकदा बघायचं होतं. एक सामना. काचेपलीकडून का होईना.

व्हिसा काढायचा की मग, त्यात काय? मीही तेच म्हटलं होतं. सप्टेंबरात पासपोर्ट उघडला तर तोच संपत आलेला. नव्या पासपोर्टाशिवाय इथलं राहण्याचं कार्ड पुढे सरकेना, आणि कार्डाशिवाय व्हिसाचा अर्ज करता येईना. एकाच्या शेपटाला दुसरं बांधलेलं. प्रत्येक ठिकाणची माणसं सभ्य, हसून बोलणारी, ‘नो बॉदर’, काही अडचण नाही, म्हणणारी. रागवायचं तरी कुणावर? मी ऑफिसात भलेभले प्रोजेक्ट हलवते, वेळेवर हलवते, पण इथे माझी चक्रमासारखी अवस्था झाली. दिवसातून दहादा मेलबॉक्स उघडायचा आणि बंद करायचा.

तोवर शनिवार थोडेच थांबणार होते? संघातल्या एका मुलाचे वडील सरहद्दीजवळच्या दंडॉकच्या बाजूला राहायचे. लोकांची स्वयंपाकघरं बसवून देण्याचा त्यांचा धंदा, त्यामुळे मोठी व्हॅन. ज्याचं नाव आठवत नाही किंवा घ्यायचं नसतं त्याला इथे ‘युअर मॅन’ म्हणतात. मला इथे नावं लिहायची नाहीत, तेव्हा हा आपला युअर मॅन. तो म्हणाला, मोटरवेवर सरहद्दीच्या अलीकडे शेवटचा मोठा पेट्रोल पंप आहे, तिथे आणून सोड, पुढे मी नेतो आणि परत आणतो. दाराशी येऊन न्यायलाही तो तयार होता. मीच नको म्हटलं. जिथवर मला जाता येतं तिथवर मी जाणार.

तर असे आमचे शनिवार. पहाटेच उठून पोहे नाहीतर पराठे डब्यात, मागे ते दुर्गंधी बोचकं, आणि सव्वा-दीड तास उत्तरेकडे. पंपावर युअर मॅन कॉफीचा कप घेऊन उभाच असायचा. बोचकं व्हॅनमध्ये जायचं, त्याच्यामागून पोरगी जायची, व्हॅन वळून रस्त्याला लागायची, आणि मी तिथेच. घरी जाऊन परत येण्यात अर्थ नव्हता. गाडीत बसायचं, आत जाऊन चहा घ्यायचा, पुन्हा गाडीत बसायचं.

युअर मॅन चांगला माणूस. त्याने पहिल्याच शनिवारी आपला फोन रिंकच्या काचेला चिकटपट्टीने लावला आणि मला व्हिडिओ कॉल केला. माझा फोन स्टिअरिंगवर टेकवून मी बघायला बसले. काय दिसलं म्हणाल तर काचेवरचे ओरखडे, जाळी आणि धूर. तो धूर म्हणजे माणसांचा श्वास होता हे मला नंतर कळलं. त्यात या खेळात तीन डाव असतात आणि दर डावाला संघ बाजू बदलतात. फोन लावलेला एका गोलजवळ. म्हणजे माझी मुलगी फक्त मधल्या डावात माझ्या बाजूला येणार, आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकणार. पोरगी गुडघ्यांवर बसलेली, तशीच गोठलेली, आणि पाठीमागून नुसते आवाज, फळीवर काहीतरी धाडकन आदळल्याचे. पक अडवला की गेला? कुणाला विचारणार? शेजारच्या गाडीत एक बाई सँडविच खात होती.

गोलकीपर लोकांच्या काही सवयी असतात म्हणे. आधी डावं पॅड बांधायचं, मग उजवं. गोलच्या दोन्ही खांबांना काठीने टकटक करायचं. हिचंही तसंच सुरू झालं. त्यात पुढे आणखी एक सवय आली, ती येते सांगण्याच्या ओघात.

नोव्हेंबरातला एक शनिवार. पाऊस, वारा, पंपावर कुत्रं नाही. व्हॅनचं दार उघडं ठेवून युअर मॅन मला म्हणाला, ‘चल, बस की तूही. जागा आहे. कोण बघतंय? मी जन्मापासून जा-ये करतोय, मला कधी कुणी हटकलं नाही.’

‘तुला नाही हटकणार,’ मी म्हटलं.

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि बिचारा कानापर्यंत लाल झाला. मला त्याला दुखवायचं नव्हतं, पण खरं होतं ते. त्या रस्त्यावरच्या बसमध्ये कधीतरी पोलीस चढतात आणि चेहरे बघून कागद मागतात, हे आमच्या लोकांत सगळ्यांना ठाऊक असतं. तो विषय तिथेच संपला असता, पण परत येताना गाडीत पोरीने काढला. ‘तो म्हणतो कुणी बघत नाही. मग तू का येत नाहीस? सगळ्यांच्या आया येतात.’

मी समजावलं. व्हिसा, नियम, कार्डाचं अडलेलं. ती म्हणाली, ‘पण तिथे कुणी नसतंच. मी बघते ना दर वेळी. तुला यायचंच नाहीये.’

त्या वाक्याने माझं डोकं फिरलं. दिवसभर त्या पंपावर बसून मी काय करत होते मग? मी म्हटलं, ‘पकडलं तर विमानात बसवून परत पाठवतील मला. कळलं? मग बस तू हॉकी खेळत.’ आवाज चढलाच होता माझा. आणि खोटं तरी काय बोलले? मला भीती होतीच. कार्ड अधांतरी असताना बेकायदा गेल्याची एक नोंद झाली की पुढे काय काय निघेल सांगता येत नव्हतं.

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. वाटेवरच्या ड्रॉहिडाच्या पुलापासून घरापर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं, चला, पटलं. त्यानंतर तिने तो विषय कधीच काढला नाही. फक्त पुढच्या शनिवारपासून पंपावर उतरायच्या आधी म्हणायला लागली, ‘मम्मा, गाडी डब्लिनकडे तोंड करून लाव.’ मी आधीच उलटी लावलेली असली तर परत वळवायला लावायची, आणि वळवल्याशिवाय व्हॅनमध्ये चढायची नाही. मी म्हटलं, घ्या, डावं पॅड, उजवं पॅड, खांबाला टकटक, आता आईची गाडी. मी तिला चिडवायचेसुद्धा त्यावरून. ती हसायची नाही. खेळाडूंच्या अंधश्रद्धांवर हसायचं नसतं म्हणून मी सोडून दिलं.

डिसेंबरात पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला असताना आईला पुण्यात ताप भरला आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. मावसभाऊ होता, शेजारच्या काकू होत्या, सगळं नीट झालं. पण मी डून लेरीच्या घरात येरझारा घालत होते. ज्या एका प्रसंगासाठी तो पासपोर्ट इतकी वर्षं जपला तो प्रसंग आला, आणि पासपोर्ट कुठल्याशा टेबलावर पडलेला. इकडे मुलगी, तिकडे आई, आणि मी मध्ये, दोघींपैकी कुणाच्याच उपयोगाची नाही. मी हॉट प्रेसचं दार उघडून त्या घाणेरड्या वासात तोंड घालून रडले. नवऱ्याला सांगितलं नाही. तो लगेच म्हणाला असता, तरी मी म्हणत होतो.

जानेवारीत त्याला एक शनिवार मोकळा मिळाला आणि तो तिच्याबरोबर पलीकडे गेला. मी त्याला बजावून पाठवलं होतं, नीट बघ, आणि मला सगळं सांग. अगदी सगळं. परत आल्यावर पंपावरच धरला त्याला.

‘छान खेळली,’ तो म्हणाला.

‘म्हणजे कशी?’

‘अडवले तिने बरेच.’

‘कसे अडवले?’

त्याने विचार केला. ‘पायाने.’

मग हळूहळू बाहेर आलं की मधला सगळा डाव तो कुणाच्या तरी वडिलांचा गुडघा तपासत बसला होता. डॉक्टर आहे कळल्यावर त्या गृहस्थांनी तिथेच पँट वर केली. नशीब माझं. ज्याला जाता येतं तो गुडघे बघतो, आणि जिला बघायचंय ती पंपावर. मी त्याच्याशी घरापर्यंत बोलले नाही. तो मागे शांत झोपला.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत नवा पासपोर्ट आला होता आणि त्यामागून कार्डही. व्हिसाचा अर्ज गेला. आता फक्त शेवटच्या शनिवारच्या आत पासपोर्ट परत यायला हवा होता. शेवटचा सामना म्हणजे खरोखरच शेवटचा. पुढच्या वर्षी तिचा वयोगट संपत होता, आणि त्याच्या वरच्या गटाला डब्लिनकडून संघ होण्याइतकी पोरंच नव्हती. म्हणजे आत्ता पाहिलं नाही तर कधीच नाही. ती घरात काही बोलत नव्हती, पण शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी दारातलं टपाल बघायची. ते मी वरून जिन्यातून पाहत होते.

शुक्रवारी टपालात फक्त पिझ्झ्याची जाहिरात होती. व्हिसा आला, पण तो पुढच्या मंगळवारी.

तर शेवटच्या शनिवारी मी पुन्हा पंपावर. गाडी डब्लिनकडे तोंड करून. त्या दिवशी तिने उतरताना मला मिठी मारली, एरवी मित्रमंडळींसमोर मारत नाही. युअर मॅन म्हणाला, ‘आज फोन अगदी तिच्या गोलमागे लावतो, दोन डाव दिसेल ती तुला.’ आणि खरंच दिसली. पाठमोरी. पाठीवर आमचं आडनाव, त्यातलं एक अक्षर निघालेलं. ती सतत हलत होती, थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, आणि मधूनच काठीने खांबाला टकटक. समोरून पोरांचा घोळका धावून यायचा आणि ती पुढे सरकून मोठी व्हायची. मी इतके महिने तिची काळजी करत होते, आणि ती तर तिथे बिनधास्त होती. मी एकटीच गाडीत टाळ्या वाजवल्या. मला इतकं बरं वाटलं की मी आईला लगेच मेसेज केला, दिसली, दिसली.

दुसऱ्या डावात ती पलीकडच्या गोलवर गेली आणि ठिपक्याएवढी झाली. तिथे दोन पोरं एकमेकांत अडकून जोरात तिच्या अंगावर येताना दिसली, इतकंच. गोल जागचा हलला. मग चित्रात सगळे एका बाजूला पळाले, शेवटी युअर मॅनचा हात आला, फोन निघाला, छत दिसलं, त्याचे बूट दिसले आणि कॉल तुटला.

मी परत लावला. वाजतोय, वाजतोय. नवऱ्याला लावला, तो वॉर्डात, फोन बंद. शेवटी युअर मॅनचाच आला. ‘ती ग्रँड आहे, ग्रँड आहे. मनगटाला लागलंय. आम्ही हॉस्पिटलात नेतोय.’ इथे माणूस आगीत उभा असला तरी ग्रँड म्हणतो, त्यामुळे त्या शब्दाचा मला काडीचा उपयोग नव्हता. मागून तिच्या रडण्याचा आवाज येत होता.

पुढचा दीड तास कुणाचाच फोन नाही. मग मी गाडी सुरू केली. विचार केला नाही. कार्ड, व्हिसा, नोंद, खड्ड्यात गेलं सगळं. तासाभराचा रस्ता. पंपाच्या बाहेर पडायच्या तोंडाशी आले, पुढे एक ट्रक रस्त्याला लागायला थांबलेला, तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलमधली नर्स. गोड आवाज. मनगटाचं हाड मोडलंय, सरकलेलं नाही, प्लास्टर घालावं लागेल, पालकांची संमती हवी. मी हो म्हटलं. ‘तुम्ही जवळच आहात ना? येताय ना?’ तिने विचारलं.

‘येते,’ मी म्हटलं. ‘निघालेच आहे.’

फोनवर खसफस झाली आणि पोरीचा आवाज आला. दबका, तोंडाशी फोन धरलेला. मराठीत.

‘आई, नको. येऊ नकोस. तुला पाठवतील.’

‘अगं काही नाही होत, मी आलेच, रडू नकोस.’

‘नाही. प्लीज. इथे बाहेर एक माणूस आहे युनिफॉर्मवाला. आई, तू येऊ नको. मी ठीक आहे. माझा हात दुखत नाही.’ आणि ती हुंदके द्यायला लागली. हात दुखतोय म्हणून ती रडत होती ते मला ऐकू आलं होतं आधी. हे रडणं ते नव्हतं. मी येते म्हटल्यावर ते सुरू झालं होतं, आणि मी येत नाही म्हटल्याशिवाय ते थांबणार नव्हतं.

ट्रक निघून गेला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

‘नाही येत,’ मी म्हटलं. ‘इथेच थांबते. बघ, थांबले.’

‘प्रॉमिस?’

‘प्रॉमिस.’

तिने नर्सकडे फोन दिला. नर्स म्हणाली, ‘ती जरा घाबरलीय, तुम्ही आलात की बरं वाटेल तिला.’ मी म्हटलं, तिचे वडील डॉक्टर आहेत, त्यांचा नंबर घ्या, ते बोलतील. दुसरं काय बोलणार होते? मी गाडी मागे घेतली, जिथे जागा दिसली तिथे घुसवली आणि इंजिन बंद केलं. पुढचा सगळा वेळ मी काय केलं ते मला आठवत नाही. नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, ‘अगं, साधं फ्रॅक्चर आहे, मुलांचं लवकर जुळतं.’ मी त्याला म्हटलं, तू आता बोलू नकोस. तो नुसता फोन धरून राहिला.

संध्याकाळी पावसात व्हॅन आली. युअर मॅनने आधी बोचकं उतरवलं, मग तिला. प्लास्टरवर सगळ्या संघाच्या सह्या होत्या. ‘वॉरियर आहे पोरगी,’ तो म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले दिसत होते. मी धावत गेले तिच्याकडे, तिचं डोकं धरलं, केसांना तो हॉट प्रेसचा वास. तिने मला धरू दिलं क्षणभर. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून गाडीकडे गेली आणि तिचं अंग ताठ झालं.

‘गाडी तिकडे तोंड करून का आहे?’

मी वळून बघितलं. खरंच उत्तरेकडे तोंड होतं. घुसवली होती तशीच.

‘तुझा फोन आला तेव्हा निघाले होते मी. मग तू सांगितलंस म्हणून थांबले.’

‘मग परत वळवायची ना.’ ती युअर मॅनकडे एकदा बघून माझ्या अगदी जवळ आली आणि मराठीत म्हणाली, ‘कुणी बघितलं तर त्यांना वाटेल ना तू चाललीयस. म्हणून तर मी तसं लावायला सांगते. इतक्या वेळात कुणी आलं होतं का विचारायला?’

‘कुणी नाही आलं, बाळा.’

‘नक्की?’

‘नक्की. चल, बस आत, भिजतेयस.’

ती बसेना. ‘आधी वळव,’ म्हणाली. युअर मॅनला काही कळत नव्हतं, तो बोचकं धरून तसाच उभा होता. मी एकटीच गाडीत बसले, मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे. ती प्लास्टरचा हात जाकिटात धरून पावसात उभी होती आणि माझ्यावरची नजर काढत नव्हती. गाडीचं तोंड पुरतं डब्लिनकडे झालं, तेव्हा तिने दार उघडलं.